विज्ञानकथा म्हणायचं कशाला? दिवाळी अंकाच्या संपादक मंडळासाठी सविस्तर उत्तर

प्रश्न असा आहे: ऐरोलीतल्या एका गृहसंकुलाचा दिवाळी अंक यंदा 'विज्ञानकथा विशेष' निघणार आहे. आलेल्या कथांत मोबाइलवरून बोलणारं भूत आहे, मंगळावरून येणारा व्हिडिओ कॉल आहे, ठाणे खाडीतला अवाढव्य फ्लेमिंगो आहे, पुष्पक विमान आहे, 'ठाण्याला रेल्वे आलीच नसती तर' आहे, नेरूळच्या होल्डिंग पाँडवरची (भरतीच्या वेळी पावसाचं पाणी थांबवून ठेवणाऱ्या तलावावरची) एक कथा आहे आणि मुलांना प्रकाशसंश्लेषण समजावणारी एक गोष्टही आहे. यांतल्या कोणत्या कथा विज्ञानकथा म्हणून छापायच्या, आणि कशावरून ठरवायचं?

आधी सरळ उत्तर. विज्ञानकथेत आजच्या जगात नसलेली एक तरी गोष्ट असते. ती गोष्ट निसर्गनियमांच्या वाटेने आलेली असते, म्हणजे तिच्यामागे वरदान, शाप किंवा मंत्र नसतो. आणि तिच्यामुळे माणसांचं जे काही होतं, तेच कथेचं कथानक असतं. या तिन्ही गोष्टी एकत्र हव्यात. यान, रोबो, परग्रहवासी हे नेपथ्य झालं. ते असूनही कथा विज्ञानकथा नसू शकते, आणि यांतलं काहीही नसताना ती अस्सल विज्ञानकथा असू शकते. टीकाकार दार्को सुविन यांनी १९७० च्या दशकात या आजच्या जगात नसलेल्या गोष्टीला 'नोव्हम' असं नाव दिलं. संपादनाच्या टेबलावर हा शब्द फार उपयोगी पडतो, कारण हस्तलिखित हातात घेतल्यावर पहिला प्रश्न तोच विचारायचा असतो: हिचं नोव्हम कुठलं?

नावाचा इतिहास थोडक्यात बघू, कारण आपल्याकडचा घोळ तिथूनच सुरू होतो. 'सायन्स फिक्शन' हे शब्द इंग्रजीत १८५१ साली विल्यम विल्सन यांच्या एका पुस्तकात आले होते, पण तेव्हा ते रुळले नाहीत. ह्यूगो गर्न्सबॅक यांनी एप्रिल १९२६ मध्ये 'अमेझिंग स्टोरीज' हे मासिक सुरू केलं, तेव्हा त्यांनी 'सायंटिफिक्शन' असा जोडशब्द वापरला. १९२९ मध्ये ते मासिक हातातून गेल्यावर काढलेल्या नव्या मासिकात त्यांनी 'सायन्स फिक्शन' हे रूप चालवलं आणि ते टिकलं. प्रकार मात्र नावाहून जुना. मेरी शेलींची 'फ्रँकेन्स्टाइन' १८१८ ची, ज्यूल व्हर्न यांची तोफेतून चंद्राकडे जाणारी कादंबरी १८६५ ची, एच. जी. वेल्स यांचं कालयंत्र १८९५ चं. गर्न्सबॅक यांना कथेतून तीन गोष्टी हव्या होत्या: रंजन, शास्त्रीय माहिती आणि भविष्याचा वेध. या तिघांपैकी 'शास्त्रीय माहिती'ने मराठीत जास्त जागा घेतली.

त्यालाही कारण आहे. मराठीत हा प्रकार अनुवादांतून आला. व्हर्न यांची चांद्रसफर विसाव्या शतकाच्या सुरुवातीला 'केरळ कोकिळ' मासिकातून मराठी वाचकांपर्यंत पोचली. पण त्याला खरं बळ मिळालं ते मराठी विज्ञान परिषदेमुळे. परिषद १९६६ ची, तिचं उद्दिष्ट विज्ञानाचा प्रसार, आणि त्याच उद्दिष्टातून तिची कथास्पर्धा उभी राहिली. १९७४ च्या स्पर्धेत 'नारायण विनायक जगताप' या नावाने आलेल्या 'कृष्णविवर' कथेला पहिलं बक्षीस मिळालं, आणि ते जगताप म्हणजे जयंत विष्णू नारळीकर आहेत हे नंतर उघड झालं. पुढे बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, सुबोध जावडेकर, निरंजन घाटे, शुभदा गोगटे यांनी हा प्रकार जोमाने लिहिला. वाशीच्या खाडीपलीकडे दिसणाऱ्या तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात फोंडके काम करत होते. संशोधकांनी स्वतः मराठीत कथा लिहाव्यात हे आपल्या भाषेचं मोठं भाग्य. पण स्पर्धा प्रसारासाठी असल्यामुळे 'विज्ञानकथा' या एका शब्दावर दोन कामं पडली: विज्ञान शिकवणं, आणि विज्ञानातून जन्मलेली कथा सांगणं. तुमच्याकडे प्रकाशसंश्लेषणाची गोष्ट याच गल्लीत आली आहे.

त्या गोष्टीत पानं बोलतात, सूर्यकिरण 'पाहुणे' म्हणून येतात, आणि शेवटी मुलांना समजतं की पाणी आणि कार्बन डायऑक्साइड यांपासून साखर तयार होते आणि ऑक्सिजन बाहेर पडतो. माहिती बरोबर आहे, पण जगात नसलेली आणि नियमांच्या वाटेने आलेली गोष्ट तिच्यात एकही नाही. ही विज्ञानाची गोष्ट आहे. बालविभागात मानाने छापा, फक्त 'विज्ञानकथा' या शिक्क्याखाली नको. हाच घोळ ग्रंथालयांतही होतो. मुखपृष्ठावर 'विज्ञान' हा शब्द दिसला की पुस्तक ५०० च्या, म्हणजे विज्ञानाच्या कप्प्यात, भौतिकशास्त्राशेजारी जातं. ड्यूई दशांश पद्धतीत, म्हणजे पुस्तकांना विषयवार आकडे देण्याच्या पद्धतीत, मराठी कथा-कादंबरी ८९१.४६३ ला येते, आणि विज्ञानकथासंग्रहाची जागा तीच. ठाण्यात १८९३ पासून चालत आलेलं मराठी ग्रंथसंग्रहालय आहे; शेजारच्या ऐरोलीतल्या सोसायटीच्या छोट्या वाचनालयानेही हा फरक पाळावा. पुस्तक कथेच्या कपाटात ठेवायचं आणि कण्यावर वेगळ्या रंगाची पट्टी लावायची, एवढंच काम.

आता कसोटी. नोव्हम काढून घ्या आणि कथा उभी राहते का बघा. उभी राहिली, तर ते नोव्हम शोभेचं होतं.

भुताच्या कथेवर लावून बघू. ऐरोलीतल्या एका घरात वारलेल्या आजोबांच्या नंबरवरून रोज रात्री फोन येतो आणि ते गुप्त ठेवीची पावती कुठे आहे ते सांगतात. मोबाइल काढा, तिथे स्वप्न किंवा प्लँचेट ठेवा. कथा जशीच्या तशी चालते. म्हणजे ही भयकथा, आणि भयकथा म्हणून ती चांगली आहे. लेखिकेला विज्ञानकथाच करायची असेल, तर आजोबांच्या आवाजाचा उगम बदलावा लागेल. समजा, त्यांच्या वीस वर्षांच्या ध्वनिमुद्रणांवरून आणि संदेशांवरून एका कंपनीने त्यांची बोलणारी प्रत केली आहे. मग नवे प्रश्न आपोआप उगवतात. दर महिन्याचे पैसे कोण भरणार? मुलाने भरणं थांबवलं तर आजी काय म्हणेल? ठेवीबद्दल प्रत जे बोलते ते आठवण म्हणून बोलते, की शब्दांचा अंदाज बांधून? आणि अंदाज चुकीचा निघाला तर भावाभावांत भांडण लागेल ते कुणाच्या शब्दावर? इथे नोव्हम काढलं तर काहीच उरत नाही. भूत आणि प्रत दोघं एकच वाक्य बोलतात, पण प्रतीच्या बोलण्याला किंमत, मालक आणि चूक होण्याची शक्यता आहे. हाच प्रकारांतला फरक.

मंगळाच्या कथेत नोव्हम पक्कं आहे, हिशोब कच्चा आहे. नेरूळची आई आणि मंगळावरचा मुलगा व्हिडिओ कॉलवर एकमेकांचं वाक्य तोडत बोलतात. मंगळ पृथ्वीपासून साधारण साडेपाच कोटी ते चाळीस कोटी किलोमीटरच्या दरम्यान असतो. प्रकाश सेकंदाला तीन लाख किलोमीटर जातो. म्हणजे आईचा शब्द पोचायला कमीत कमी तीन मिनिटं, जास्तीत जास्त बावीस. "जेवलास का?" याचं उत्तर सहा ते चव्वेचाळीस मिनिटांनी येणार. लेखकाने ही अडचण लपवली आहे, आणि कथेतली सगळ्यात मोलाची गोष्ट तिथेच गेली आहे. त्यांना एवढंच लिहून कळवा: विलंब ठेवा. आई प्रश्न विचारून कुकर लावते, दोन शिट्ट्या होतात, आणि मग मुलगा अर्ध्या तासापूर्वीच्या प्रश्नावर हसतो; तोवर तिच्याकडे वाईट बातमीचा दुसरा फोन येऊन गेलेला असतो. त्याला ती बातमी कधी आणि कशी सांगायची, ही झाली कथा. याच हस्तलिखितात 'चार प्रकाशवर्षांनंतर तो परतला' असं वाक्य आहे, तेही दुरुस्त करा. प्रकाशवर्ष हे अंतर आहे, सुमारे ९.४६ लाख कोटी किलोमीटर. सूर्य सोडला तर सर्वात जवळचा तारा ४.२४ प्रकाशवर्षांवर आहे. व्हॉयेजर-१ च्या सेकंदाला १७ किलोमीटर वेगाने तिथे जायला जवळजवळ पंचाहत्तर हजार वर्षं लागतील.

फ्लेमिंगोची कथा परत पाठवावी लागेल, पण कारण समजावून. ठाणे खाडीत येणारा लहान रोहित उंचीला ८०-९० सेंटिमीटर आणि वजनाला दोन किलोच्या आतबाहेर. रसायनाने तो दहापट उंच झाला, असं लेखक म्हणतो. उंची, रुंदी आणि जाडी तिन्ही दहापट झाल्या की वजन हजारपट होतं, दोन टन. पायाच्या हाडाचा आडवा छेद मात्र शंभरपटच वाढतो. म्हणजे हाडाच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर दहापट भार. हा पक्षी घोडबंदर रोडवर धुमाकूळ घालायच्या आधी चिखलात पाय मोडून पडेल. राक्षसी मुंगी, राक्षसी कोळी, राक्षसी उंदीर, सगळ्यांचं दुखणं हेच. हत्तीचे पाय खांबासारखे जाड असतात ते त्यामुळेच. लेखकाने पाय जाड केले, पक्षी उडत नाही हे मान्य केलं आणि इतक्या मोठ्या जनावराला खाडीतलं शेवाळ पुरणार नाही हे कथेत आणलं, तर कथा पुन्हा मागवा.

याचा अर्थ विज्ञान चुकलं की कथा बाद, असा मात्र नाही. व्हर्न यांची तोफ ९०० फूट लांब होती आणि गोळा सेकंदाला सुमारे ११ किलोमीटर वेगाने बाहेर पडायचा. एवढ्या अंतरात तेवढा वेग घ्यायचा तर आतल्या माणसांवर गुरुत्वाच्या वीस हजार पटींहून जास्त ताण येईल. त्यांचा चेंदामेंदा होईल. तरीही ती विज्ञानकथाच आहे, कारण लेखकाने वेग मोजला, तोफेची लांबी ठरवली आणि वाचकाला आकड्यांवर वाद घालायला जागा ठेवली. मोजून चुकलेल्या कथेला 'जुन्या विज्ञानाची विज्ञानकथा' म्हणता येतं. ज्यात मोजलंच नाही, ती अद्भुतकथा. भाकीत खरं ठरलं का, हा निकषसुद्धा म्हणूनच लावू नका. भूस्थिर उपग्रहांवरून संदेशवहनाची आर्थर क्लार्क यांची सुप्रसिद्ध कल्पना १९४५ च्या एका लेखात मांडलेली आहे, कथेत नाही.

पुष्पक विमानाबद्दल मंडळात वाद झाला असेल, याचा अंदाज येतो. रामायणातलं पुष्पक विमान ही विज्ञानकथा नाही, आणि असं म्हणण्यात रामायणाचा कुठलाही कमीपणा नाही. तिथे विमान इच्छेने चालतं, देवांकडून मिळतं आणि ज्याच्याकडे जातं त्याच्या भाग्याची खूण असतं. त्याचं इंधन विचारणं हाच चुकीचा प्रश्न. तुमच्याकडच्या कथेत मात्र पनवेलजवळच्या उत्खननात एक यंत्र सापडतं आणि संशोधक ते 'पुष्पकच' ठरवतात. ही कथा विज्ञानकथा होऊ शकते, अट एकच: संशोधकांनी ते कशावरून ठरवलं हे दाखवा. कार्बन-१४ ने धातूचं वय काढता येत नाही; लाकूड, कोळसा, हाड असं सेंद्रिय काही हवं, आणि तेही साधारण पन्नास हजार वर्षांच्या आतलं. हस्तलिखितात धातूच्या पंख्याचं वय कार्बनने काढलं आहे. यंत्राच्या सांध्यात अडकलेली लाकडाची ढलपी दाखवली की प्रश्न सुटतो, आणि ती ढलपी यंत्राच्याच काळातली आहे का, यावरून पात्रांत चांगलं भांडणही लावता येतं.

'ठाण्याला रेल्वे आलीच नसती तर' ही पर्यायी इतिहासाची कथा. इंग्रजीत अशा कथा सर्रास विज्ञानकथांच्या कपाटात असतात, इतिहास कुठे आणि कसा फुटला हे सांगितलं नसलं तरी. मराठीत आपल्यापुढे नारळीकरांच्या 'गंगाधरपंतांचे पानिपत'चा नमुना आहे. तिथे पानिपतावर विश्वासरावांना प्रत्यक्षात लागलेली गोळी हुकते आणि इतिहास दुसऱ्या फांदीवर जातो; त्याला पुंजभौतिकीचा (क्वांटम फिजिक्सचा) आधार दिलेला आहे. प्रत्येक लेखकाकडून एवढा आधार मागू नका. परिणामांची साखळी मात्र मागा. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला गाडी आली, अंतर ३४ किलोमीटर. ती आली नसती तर पुढे कल्याण आणि १८६३ ला खुला झालेला भोरघाट मागे पडला असता. त्याच सुमारास, १८६१ ते १८६५, अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. घाटावरचा कापूस बैलगाड्यांवरच अडकला असता तर त्या पैशाचं आणि त्यावर उभ्या राहिलेल्या मुंबईचं काय झालं असतं? आलेल्या कथेत फक्त 'आज ठाण्यात लोकल नाही, लोक होडीने जातात' एवढंच चित्र आहे. चित्र छान आहे, पण १८५३ आणि आज यांच्यामधली एकही पायरी नाही. दोन पायऱ्या घालून घ्या आणि छापा.

सगळ्यात जास्त वेळ होल्डिंग पाँडच्या कथेला द्या. अंकातली सर्वोत्तम विज्ञानकथा तीच होऊ शकते. नवी मुंबईचा खाडीकाठचा बराच भाग भरतीच्या पातळीच्या आसपास किंवा खाली आहे. म्हणून सिडकोने खाडीलगत तलाव ठेवले आणि तोंडाशी झडपा बसवल्या. ओहोटीला झडप उघडते, नाल्यांचं पाणी खाडीत जातं. भरतीला खाडीच्याच दाबाने ती मिटते आणि पावसाचं पाणी तलावात थांबतं. दोन भरत्यांत साधारण १२ तास २५ मिनिटांचं अंतर. लेखिकेने समुद्र अर्धा मीटर वर आणला आहे. म्हणजे झडप प्रत्येक फेरीत जास्त वेळ मिटलेली राहणार आणि तलाव रिकामा व्हायला कमी वेळ मिळणार. कथेपुरते आकडे घ्या: १०० हेक्टर वस्तीचं पाणी १० हेक्टरच्या तलावात येतं. झडप बंद असताना १०० मिलिमीटर पाऊस पडला आणि सगळं पाणी वाहून आलं, तर एक लाख घनमीटर पाणी, तलाव बरोबर एक मीटर वर. तळाशी गाळ साचून आधीच मीटरभर खोली गेली असेल, तर तेच पाणी रस्त्यावर.

एवढं झालं की ही पुराची कथा होते. नोव्हम अजून आलेलं नाही. ते हस्तलिखिताच्या सातव्या पानावर, अर्ध्या वाक्यात आहे: झडपा आणि पंप चालवणारी संगणक यंत्रणा सगळे तलाव एकत्र बघते आणि एकूण नुकसान कमीत कमी होईल असं पाणी वळवते. अर्थात, कुठला तरी एक सेक्टर बुडवूनच. लेखिकेला सांगा की हे वाक्य पहिल्या पानावर आणा. पंपहाउसवरचा कर्मचारी त्याच सेक्टरमध्ये राहतो, त्याच्याकडे हाताने झडप फिरवायचं चाक आहे आणि भरती ओसरायला दोन तास आहेत. यंत्रणेने घराची किंमत कशावरून मोजली, तळमजल्यावरचा भाडेकरू त्या हिशोबात धरला होता का, हे त्याला त्या दोन तासांत कळत जातं. बाकी सगळं आपोआप रचलं जाईल.

या कथेतलाच एक परिच्छेद दुरुस्तीचा नमुना म्हणून घेतो, कारण हा दोष सातपैकी चार हस्तलिखितांत आहे. मूळ असं आहे: "डॉ. कुलकर्णी म्हणाले, 'तुला माहीतच आहे की जागतिक तापमानवाढीमुळे हिमनद्या वितळतात आणि पाणी तापून प्रसरण पावल्यामुळे समुद्राची पातळी वाढते.'" समोरच्याला माहीत असलेलं त्याला कुणी सांगत नाही, हे वाचकासाठीचं भाषण आहे. त्याऐवजी: "झडपेवर तीन खुणा होत्या. पांढरी सिडकोची, पिवळी त्याच्या वडिलांनी मारलेली, आणि लाल त्याने मागच्या वर्षी. पाणी लालवर होतं." समुद्र वर आला, किती काळापासून येतोय आणि हा माणूस इथलाच आहे, तिन्ही गोष्टी कळल्या. स्पष्टीकरण लागतंच तिथे ते एका जागी १५० शब्दांपुढे जाऊ देऊ नका. डेमी आकाराच्या पानात साधारण ३०० शब्द मावतात. अर्ध्या पानाहून लांब स्पष्टीकरण झालं की कथेचा धागा तुटतो. एकूण कथा अडीच ते तीन हजार शब्दांची असावी, आणि नोव्हम पहिल्या ५०० शब्दांत दिसावं. उशिरा आलं की वाचकाला ते पळवाट वाटतं.

दोन शेवट मात्र बिनदिक्कत परत पाठवा. एक, 'आणि तो जागा झाला'. स्वप्न ठरवलं की आधीचा सगळा हिशोब रद्द होतो, आणि विज्ञानकथेत हिशोबावरच वाचकाचा विश्वास बसलेला असतो. दुसरा, रोबोच्या डोळ्यांत पाणी. पाणी आलं तर ते कुठल्या टाकीतून, कुणी आणि कशासाठी बसवलं, हे सांगितलं असेल तरच.

नावं देताना अनुक्रमणिकेत 'विज्ञानकथा' असा एकच शब्द वापरा, जोडून लिहिलेला. 'विज्ञान काल्पनिका' बरोबर आहे, पण वाचक अडखळतो. 'सायफाय' सिनेमा-मालिकांच्या लेखात चालेल. बंगालीत 'कल्पविज्ञान' रुळलं आहे, ते आपल्याकडे आणायची गरज नाही. मंगळ, होल्डिंग पाँड, रेल्वे आणि सुधारलेलं पुष्पक या चार कथा 'विज्ञानकथा' विभागात घ्या. भूत 'भयकथा' म्हणून स्वतंत्र छापा. लेखिकेने बोलणारी प्रत लिहून दिली तर पाचवी जागा तिची. प्रकाशसंश्लेषण बालविभागात. फ्लेमिंगोच्या लेखकाला वजनाचं गणित कागदावर मांडून द्या आणि मुदत पंधरा दिवस वाढवा. कल्पना इथल्या खाडीची आहे, ती वाया जाऊ नये.